केरकर नेमके कुठले? गोव्यातल्या आडनावाचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं आडनाव केरकर. पणजोबा गोव्यातून मुंबईला आले, एवढंच घरात माहीत आहे. कुलदैवत विजयादुर्गा. आमचं मूळ गाव कोणतं आणि वंशावळ किती मागे नेता येईल? सुरुवात कुठून करावी?"

आडनावापासून करू नका, हे पहिलं उत्तर. गोव्यात आडनाव ही घराण्याची सगळ्यात कच्ची खूण आहे. दोन-तीन पिढ्यांत ती बदलते, कागद बदलला की तिचं स्पेलिंग बदलतं आणि एकाच गावावरून तीन वेगळ्या समाजांतल्या घरांना तेच आडनाव लागतं. त्यामानाने पक्क्या खुणा चार: कुलदैवताचं नेमकं स्थान, गोत्र, गावातला हक्क (गावकरीतला, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेतला, वांगड म्हणजे घराण्यांचा गट, किंवा देवस्थानाच्या कारभारातली महाजनकी) आणि बाप-आजा-पणजा अशी नावांची साखळी. या चार जुळल्या तर आडनाव वेगळं असलं तरी घर एकच. आडनाव जुळलं आणि या जुळल्या नाहीत, तर नातं नाही असंच धरून चाला.

तुमचंच उदाहरण घ्या. केरी नावाची गावं गोव्यात तीन आहेत: एक फोंड्यात, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, एक पेडण्यात तेरेखोलच्या अलीकडे. तिन्हींतून बाहेर पडलेले लोक केरकर झाले. शिरोडकरांचंही तेच, शिरोडा फोंड्यातही आहे आणि वेंगुर्ल्याजवळही. दुसरी गोष्ट, गावावरून पडलेलं 'कर' आडनाव बहुधा गाव सोडल्यावर लागतं. केरीत राहणाऱ्याला केरीत कुणी केरकर म्हणत नाही, कारण तिथे सगळेच केरीचे. तिथे तो नाईक, प्रभू, गावकर, शेणवी, कामत असा ओळखला जातो. त्यामुळे मूळ गावात जाऊन "इथे केरकरांचं घर कोणतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "इथे केरकर कुणी नाही." आणि मंडळी निराश होऊन परततात. विचारायचं असं: "इथून शंभर-सव्वाशे वर्षांमागे मुंबईला कुणाचं घर गेलं? त्यांच्या भाटाचं, म्हणजे बागायतीचं, पुढे काय झालं?"

तुमच्या प्रश्नात कामाची गोष्ट विजयादुर्गा आहे. फोंड्यातल्या केरीची विजयादुर्गा मूळची मुरगाव तालुक्यातल्या सांकवाळची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी आणि बार्देशातली देवळं पाडली, तेव्हा देव अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात हलवले गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. मडगावचा दामोदर मात्र फोंड्याबाहेर, जांबावलीला गेला. त्यामुळे दोन शक्यता मांडून ठेवा. एक, तुमचं घर मुळातच फोंड्याच्या केरीचं. दोन, घर सांकवाळचं, देवीबरोबर केरीत आलं आणि तिथून पुढे निघताना केरकर झालं. दुसरी खरी असेल तर गावकरीचा जुना हक्क सांकवाळला निघेल आणि केरी हा मधला मुक्काम ठरेल. सत्तरी आणि पेडण्याची केरी यादीतून अजून खोडू नका, पण शोध फोंड्यापासून सुरू करा.

कुलदैवत सांगताना स्थान अचूक सांगा, हेही इथेच सांगून ठेवतो. नुसतं "शांतादुर्गा" म्हणून भागत नाही. कवळ्याची वेगळी, फातर्प्याची कुंकळ्ळीकरीण वेगळी, धारगळची वेगळी. घरच्या देव्हाऱ्यातला टाक आणि लग्नाआधी कौल-प्रसादाला कुठे जायचे, ही माहिती आजी-आत्यांकडे असते. कुलदैवत आणि पालवी दैवत (कुलदैवताच्या जोडीने पुजलं जाणारं दुसरं दैवत) यांत गल्लत होते, म्हणून दोन्ही वेगळी लिहून घ्या.

घरात काय विचारायचं

वयस्कर माणसांना "आपली वंशावळ सांगा" म्हटलं की दोन पिढ्यांवर गाडी अडते. त्यापेक्षा हे विचारा: श्राद्धाला पिंड कुणाकुणाच्या नावाने ठेवतात? श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावं उच्चारावीच लागतात. आईकडच्या तीन पिढ्याही येतात. तुमच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध केलं असेल, तर त्यांच्या तोंडून किंवा भटजींच्या वहीतून तुम्ही एकदम पाचव्या पिढीपर्यंत पोचता. तिथीही लिहून घ्या. तिथीवरून वर्ष कळत नाही, पण पुढे मृत्यूची नोंद सापडली की पंचांगाशी ताडून ती नोंद आपल्याच माणसाची आहे का, हे ठरवता येतं.

दुसरा प्रश्न: सुतक कुणाकुणाचं येतं? सुतक आणि सोयर पाळणारी घरं म्हणजे भाऊकी. आडनाव वेगळं असलेल्या एखाद्या घराचं सुतक तुमच्याकडे येत असेल, तर तो मोठाच धागा आहे. आडनाव फुटण्यापूर्वी दोन्ही घरं एक होती, याची ती जिवंत साक्ष. अशा घरांची यादी करा आणि त्यांच्याकडचे कागदही मागा, कारण वाटण्यांची कागदपत्रं बहुधा थोरल्या पातीकडे राहतात.

तिसरा प्रश्न थोडा अनपेक्षित वाटेल: नात्यात कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढला आहे का? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांनी लिस्बनला जन्मनोंदी करवून घेतल्या आहेत. त्यासाठी जुन्या दाखल्यांच्या पूर्ण नकला आधीच काढाव्या लागतात. एखाद्या चुलतभावाच्या फाईलीत तुमच्या आजोबांचा कागद तयार पडलेला असू शकतो.

मुंबईच्या बाजूने शाळा सोडल्याचा दाखला, महापालिकेची जन्म-मृत्यूची नोंद आणि नोकरीचे कागद पाहा. दाखल्यावरच्या जन्मस्थळात "गोवा" एवढंच असेल तर उपयोग कमी, पण जुन्या नोंदींत कधी कधी गाव आणि वाडाही असतो. गोवेकर ख्रिश्चनांसाठी मुंबईतल्या गाववार कुडींची (गावकऱ्यांच्या राहण्याच्या क्लबांची) रजिस्टरं आणि जहाजावर नोकरी केलेल्यांच्या नल्ल्या (खलाशांची नोकरीची पुस्तकं) या दोन्ही चांगल्या जागा आहेत, कारण त्यांत गाव लिहिल्याशिवाय काम चालत नसे.

सरकारी नोंदी: तेओर प्रत मागा

गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून सर्व धर्मीयांना लागू झाली. ती रजिस्टरं त्या त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे असतात; त्याआधीच्या नोंदींसाठी पणजीचं पुराभिलेख खातं गाठावं लागतं. अर्ज करताना साधा दाखला मागू नका. त्यात नाव, तारीख आणि आई-बाप एवढंच येतं. तेओर प्रत मागा, म्हणजे मूळ नोंदीची शब्दन् शब्द नक्कल. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत मुलाच्या आई-बापाबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिलेले असतात. १९२० साली जन्मलेल्या माणसाच्या एका नोंदीतून तुम्ही १८५०-६० च्या आसपास जन्मलेल्या पिढीपर्यंत पोचता. शिवाय समासात लग्न, मृत्यू किंवा नावातली दुरुस्ती नंतर टिपलेली असते. नकलेत समासही घ्या म्हणून अर्जात स्पष्ट लिहा.

बहुतेकांचा शोध इथेच अडतो आणि कारण असतं स्पेलिंग. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं रोमीत लिहिलं. 'के' (K) हे अक्षर त्या लिखाणात जवळजवळ नाहीच. 'क' पुढे 'ए' किंवा 'इ' आला तर 'क्यू-यू' (QU), एरवी 'सी' (C). म्हणजे केरकर 'के' खाली सापडणार नाही, 'क्यू' खाली पाहा. कामत, काकोडकर 'सी' खाली. 'श'साठी 'एक्स' वापरत, म्हणून शंकर, शांताराम, शेट हे सगळे 'एक्स'वर. शेणवी किंवा शेणै 'सिनाय' होतात, प्रभू 'पोरोबो', कामत 'कामोतीं', पै 'पोय', भट 'बोटो', केणी 'केणीं'. शेवटचा अनुस्वार 'एम' लावून दाखवतात. पुरुषोत्तमाचा 'पोरोशोतोमा' आणि लक्ष्मणाचा 'लोक्शिमोना' झालेला दिसला तर दचकू नका. शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या प्रत्येक नावाची अशी पाच-सहा रूपं कागदावर मांडून घ्या, मगच रजिस्टर उघडा.

त्याहून मोठी अडचण अनुक्रमणिकेची. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांत सूची बहुधा आडनावाने लावलेली नसते, पहिल्या नावाने असते. विठ्ठल केरकर शोधायचे तर 'व्ही' खालचे सगळे विठ्ठल चाळायचे. आडनावाने शोधून "नोंद नाही" असं ठरवणारे पुष्कळ असतात आणि नोंद तिथेच असते.

पोर्तुगीज भाषा यायलाच हवी असं नाही, पण नोंदीतले मोजके शब्द ओळखता आले पाहिजेत. 'फिल्यु' म्हणजे मुलगा, 'नेतु' नातू, 'देफुंतु' मृत, 'व्हियुव्हु' विधुर आणि 'व्हियुव्हा' विधवा. 'मोरादोर' म्हणजे तिथे राहणारा आणि 'नातुराल द' म्हणजे तिथे जन्मलेला. हे शेवटचे दोन एका ओळीत येतात आणि तुमचं मूळ गाव बहुधा दुसऱ्यात लपलेलं असतं. मात्र 'फिल्यु नातुराल' असं असेल तर अर्थ वेगळा होतो, लग्नाबाहेरचं मूल. महिन्यांतही फसगत होते: ७ पुढे 'ब्रो' लिहिलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. ८ चा ऑक्टोबर, ९ चा नोव्हेंबर, आणि रोमन दहाच्या चिन्हापुढे 'ब्रो' असेल तर डिसेंबर.

इन्व्हेंतार: सगळ्यात भरीव कागद

वेळ थोडा असेल आणि एकच प्रकारचा कागद शोधायचा असेल, तर इन्व्हेंतार, म्हणजे मृताच्या वारसांची आणि मालमत्तेची कोर्टात केलेली यादी, शोधा. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाला. या कायद्यात बायको निम्म्या मालमत्तेची धनीण आणि मुलगे-मुली वारसदार. माणूस मेला आणि वारसांत कुणी अल्पवयीन असलं, तर कोर्टातून इन्व्हेंतार करणं भागच. घरातला कर्ता, कागदातला 'काबेसा द काझाल', शपथेवर सांगायचा: मृत कधी वारला, बायको कोण, मुलं किती, प्रत्येकाचं वय, कोणाचं लग्न झालं, जावई कोण, कुठला. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याच्या मुलांची नावं येतात. खाली भाटं, शेतं, घराचे भाग आणि दागिने, शेवटी वाटणीचा तक्ता.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वंशावळींत मुली गळतात. गोव्याच्या इन्व्हेंतारात त्या गळत नाहीत, कारण प्रत्येकीचा हिस्सा होता. तुमच्या पणजीचं माहेर, तिच्या बहिणी कुठे दिल्या, हे सगळं तिच्या बापाच्या इन्व्हेंतारात सापडू शकतं. मात्र एक ध्यानात ठेवा: लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असल्यामुळे जन्मनोंदीतली मनोरमा इन्व्हेंतारात इंदिरा असते. दोन बायका समजून दोन चौकटी काढू नका. नवऱ्याचं नाव आणि वय ताडून पाहा.

हे कागद त्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या दप्तरात असतात. जुन्यांपैकी काही पुराभिलेखात गेलेले असतात. अर्जात मृताचं नाव त्या काळच्या स्पेलिंगने, गाव आणि मृत्यूचं वर्ष द्या. वर्ष माहीत नसेल तर दहा वर्षांचा पट्टा द्या. इन्व्हेंतार झालंच नसेल तर नोटरीकडच्या वारस ठरवण्याच्या कागदांत, 'हाबिलितासांव'मध्ये बघा. त्यातही वारसांची यादी असते, फक्त मालमत्तेचा तपशील नसतो.

जमिनीचे कागद हाती आले तर चतुःसीमा नीट वाचा. "पूर्वेस अमुकाच्या वारसांचं भाट" अशी ओळ असते. वाटणी झालेल्या जमिनी एकमेकींना लागून राहतात, त्यामुळे तो शेजारी बऱ्याचदा चुलत घरच असतो. १ आणि १४ च्या उताऱ्यावरून सुरुवात करून मात्रीज (पोर्तुगीज काळातली जमिनीच्या कराची नोंद) आणि जुन्या नोंदणीच्या क्रमांकापर्यंत मागे जाता येतं. मुंबईला गेलेल्या घराचं नाव गावातल्या जमिनीला कधी कधी दोन पिढ्या तसंच चिकटून राहतं.

महाजनकी आणि गावकरी

गोव्यातली देवस्थानं १८८६ च्या माझानींच्या, म्हणजे महाजन मंडळांच्या, नियमावलीखाली आली. ती १९३३ साली नव्याने केली गेली. प्रत्येक देवस्थानाची महाजनांची सूची असते आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, त्यामुळे सूची देवस्थानाच्या कचेरीत आणि मामलेदाराच्या कार्यालयात दोन्हीकडे चौकशी करावी. महाजन आणि कुळावी यांत फरक आहे. महाजनाला देवस्थानाच्या कारभारात मत असतं. कुळाव्याचं ते कुलदैवत, पण कारभारात हक्क नाही. तुमचं नाव महाजनांत नसेल म्हणून घराणं त्या देवीचं नाही असा निष्कर्ष काढू नका. घर गोव्याबाहेर गेलं, पुढच्या पिढीने नाव घातलं नाही, म्हणून साखळी तुटली असं बऱ्याचदा झालेलं असतं. अशा वेळी जुन्या सूचीतलं शेवटचं नाव कोणत्या सालचं आहे ते पाहा. घर कधी बाहेर पडलं याचा तोच अंदाज.

महाजनांच्या सूचीत "मूळचे अमुक गावचे" असा उल्लेख असला तर तो जसाच्या तसा उतरवा. विजयादुर्गेच्या बाबतीत तो सांकवाळ आहे की केरी, यावर तुमची पुढची सगळी दिशा ठरणार आहे.

आता गावकरी, म्हणजे कोमुनिदाद. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वांगड असतात आणि गावच्या उत्पन्नातून गावकराला झोण, म्हणजे त्याचा वाटा, मिळतो. हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. मुलगा ठरलेल्या वयाचा झाला की जन्माचा दाखला आणि बापाचं नाव देऊन आपलं नाव पुस्तकात घालतो. म्हणून कोमुनिदादची पुस्तकं पुरुषांच्या साखळीसाठी फार भरवशाची. तिथे खोटं नाव घुसवायला बाकीचे वाटेकरी सहज देत नाहीत, कारण प्रत्येक जादा नावाने त्यांचाच झोण कमी होतो. गावच्या रीती आणि हक्क पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून घेतले. आजचा कारभार १९६१ च्या कोमुनिदाद कायद्याने चालतो. सांकवाळची चौकशी तिथल्या कोमुनिदादीच्या कारकुनाकडे आणि मडगावच्या प्रशासकाकडे करता येईल. "आमचा वांगड कोणता?" हा प्रश्न विचारा, "आमचं आडनाव आहे का?" असा नको.

सगळीकडे हे तंत्र चालत नाही. कुंकळ्ळीत १५८३ च्या उठावानंतर गावकऱ्यांच्या जमिनी जप्त झाल्या, त्यामुळे शेजारच्या गावांसारखी गावकरीची अखंड पुस्तकं तिथे अपेक्षित धरू नका. तरी वांगडांची आठवण तिथे पुसली गेली नाही. फातर्प्याहून देवी कुंकळ्ळीला येते तेव्हा सोत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, मिरवणुकीत बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात. कोणती छत्री कोणाची, हे तिथली घरं आजही सांगतात.

ख्रिश्चन घराणी आणि धर्मांतरापूर्वीचं नाव

हा प्रश्न तुमचा नाही, पण भाऊकी शोधताना तुम्ही इथे येणारच. बार्देशात फ्रान्सिस्कनांनी आणि सासष्टीत जेजुइतांनी धर्मप्रसार केला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मबापाचं आडनाव मिळे, म्हणून एकाच घरातले दोन भाऊ वेगळ्या दिवशी बाटले तर एक फर्नांडिस आणि दुसरा परेरा होई. उलट एका गावातल्या दहा फर्नांडिस घरांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही. इथेही वांगडच उपयोगी पडतो: गावकरी ख्रिश्चन झाले तरी वांगड बदलला नाही, झोण बदलला नाही. ख्रिश्चन घराचा वांगड कळला की त्याच वांगडातलं फोंड्याला गेलेलं हिंदू घर शोधता येतं.

इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुस्तकांपैकी बाप्तिस्म्याचं पुस्तक सगळे बघतात. मी लग्नाचं आधी बघायला सांगेन. त्यात दोन्हीकडचे आई-बाप आणि गाव असतात. नवरा-नवरी नात्यातले असतील तर चर्चची सूट घ्यावी लागे आणि त्यासाठी नातं पिढ्यांत मोजून लिहावं लागे. १९१७ च्या चर्च कायद्यापर्यंत चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्याला हा नियम होता. म्हणजे अशा एका अर्जात दोन घरांचे खापरपणजोबा सापडू शकतात. विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्र्याला) आगाऊ पत्र द्या, रविवारी मास संपल्यावर गर्दीत गाठू नका. काही पॅरिशींची जुनी पुस्तकं पुराभिलेखात आहेत, त्यामुळे आधी तिथे सूची बघा.

१८७० च्या मागे

फोंडा पोर्तुगीजांकडे १७६३ साली आला, पेडणे १७८८ साली. त्याआधी फोंड्याच्या बाजूला सोंदेकर राजे आणि पेडणे-डिचोलीकडे सावंतवाडीकर. म्हणून नव्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या प्रदेशातल्या) घरांचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये नसून मोडीत असतात: सनदा, इनामपत्रं, देसायांची वतनं, निवाडे. निवाडा मिळाला तर सोनंच समजा, कारण वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापली वंशावळ लिहून देत. जुन्या काबिजादींतल्या (सोळाव्या शतकात घेतलेल्या भागातल्या) गावकरीचे काही अगदी जुने कागद गोंयकानडी लिपीत आहेत. ते वाचणारे मोजकेच. अशा कागदाचा फोटो तिरक्या उजेडात घ्या, खिडकीशी धरून. जुन्या शाईने कागद खाल्लेला असतो, तो घडी उलगडताना तुटतो. लॅमिनेशन अजिबात करू नका.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. गोव्याची माणसं गोकर्ण, पंढरपूर, नाशिक-त्र्यंबक, काशी इथे जात. तिथले उपाध्ये गाववार आणि आडनाववार नामावळ्या ठेवतात आणि यात्रेकरू स्वतःच्या हाताने बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावं लिहून जातो. तिथेही "केरकर" एवढ्यावर थांबू नका. "सांकवाळ", "केरी, अंत्रूज" आणि "शेणवी" असं सगळं विचारा. वहीतली नोंद कोणी लिहिली, शक किंवा सन काय आहे, खाली सही आहे का, हे उतरवून घ्या. उपाध्यायाने नंतर पुन्हा उतरवलेल्या वहीत पिढी गळते किंवा काका बाप होतो.

मठांच्या दप्तरांत, म्हणजे कवळे मठ किंवा पर्तगाळी मठाकडे, देणग्या आणि वर्गणीच्या याद्या असतात. त्यातून पिढ्या जुळत नाहीत, पण एखादं नाव एखाद्या साली हयात होतं, एवढं पक्कं होतं.

हमखास होणाऱ्या चुका

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. विठ्ठल, पुरुषोत्तम, विठ्ठल, पुरुषोत्तम अशी साखळी चार पिढ्या चालते, आणि पोर्तुगीज नोंदींत अनेकदा मधे बापाचं नाव नसतं, नुसतं "विठ्ठल सिनाय केरकर". दोन विठ्ठल एक केले की दोन पिढ्या गडप, एक विठ्ठल दोनदा मोजला की दोन पिढ्या फाजील. पडताळा सोपा आहे: एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरा. १८७० ते १९६१ या नव्वद वर्षांत तीन ते चार पिढ्या बसतात. सात बसत असतील तर कुठेतरी घोळ आहे.

दत्तक ही दुसरी जागा. दत्तक गेलेला मुलगा एका घराच्या कागदातून नाहीसा होतो आणि दुसऱ्या घरात वीस वर्षांचा होऊन उगवतो. रक्ताची साखळी आणि हक्काची साखळी दोन्ही खऱ्या. चार्टवर दोन वेगळ्या रेघांनी दाखवा. पितृवंशाची डीएनए चाचणी दोन घरं एकाच वांगडाची आहेत का हे पाहायला मदत करते, पण दोन्ही घरांतला पुरुष वंशज तयार हवा आणि मध्ये भाऊकीबाहेरचा दत्तक असेल तर निकाल जुळणार नाही. कागदांआधी चाचणीवर पैसे घालू नका.

तिसरी: आडनाव आहे तितकं जुनं समजणं. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. त्याआधीचं घराण्याचं नाव हर्डीकर. मंगेशकर हे नाव धरून एकोणिसाव्या शतकात शिरलं तर हाती काही लागणार नाही. गोवा मुक्तीनंतर अनेकांनी सिनाय गाळलं, कुणी शेणवी केलं, कुणी पोर्तुगीज स्पेलिंग बदलून मराठी वळणाचं केलं. १९९० च्या नाव-आडनाव बदलाच्या कायद्याखालचे बदल राजपत्रात येतात, ते तपासा.

चौथी, छापील वंशावळी. घराण्याच्या पुस्तकाची सुरुवात परशुरामापासून असेल तर तो भाग श्रद्धेचा म्हणून वाचा. पुराव्यासाठी शेवटच्या चार-पाच पिढ्या घ्या आणि त्याही मूळ कागदाशी ताडा.

नोंद ठेवायला एक सोपी रीत: स्वतःला १ क्रमांक द्या, वडील २, आई ३. कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुपटीत एक मिळवून. पणजोबा ८, खापरपणजोबा १६. प्रत्येक माणसासाठी एक पाकीट करा. पाकिटावर क्रमांक, आत त्याला त्याच्या बापाशी जोडणारा कागद. ज्या पाकिटात असा कागद नाही, तिथून वरची रेघ तुटक काढा आणि कोणता कागद मिळाला तर ती सलग होईल हे पेन्सिलने लिहा. तुमच्या बाबतीत पहिली तुटक रेघ बहुधा ८ आणि १६ यांच्यामध्ये पडेल, आणि तिथे लिहायचं आहे: पणजोबांच्या भावंडांपैकी जे गोव्यात राहिले आणि १९१४ नंतर ज्यांना मुलं झाली, त्या मुलांची तेओर प्रत, फोंडा रजिस्ट्रार. पणजोबा मुंबईला गेले तरी त्यांचे भाऊ-बहीण गेलेच असतील असं नाही, आणि त्या मुलांच्या नोंदीतले आजोबा म्हणजेच तुमचे १६.